आबांच्या उशाचा पाइप

माडीवर बाथरूम हवी म्हणून संयोगितानं धोशा लावला, तेव्हा घरात तिनं कारणं पुष्कळ सांगितली. प्रियू मोठी झाली, तिला अंधारात परसात जायला लागतं. जत्रेला पाव्हणे येतात, त्यांची अडचण होते. साताऱ्याला बहिणीच्या फ्लॅटमध्ये खोलीगणिक बाथरूम आहे आणि आपण अजून बादली घेऊन हेलपाटे घालतोय. सगळी कारणं खरी होती. फक्त जे मुख्य कारण होतं ते तिनं त्यात घातलं नव्हतं.

मुख्य कारण म्हणजे आबा. तिचे सासरे, सुभेदार लालासाहेब, फौजेतून घरी आल्यापासून सोप्यात, दाराशीच्या पुढच्या खोलीत, लोखंडी खाटेवर झोपत. माडीचा जिना सोप्यात उतरायचा आणि परसात जायचं तर आबांच्या खाटेला वळसा घालूनच जायला लागायचं. कितीही हळू पाय टाका, आबा खाकरायचे. 'कोण हाय' म्हणून विचारायचे नाहीत. नुसते खाकरायचे, म्हणजे जाणाऱ्याला कळावं की आपण जागे आहोत आणि आपल्याला सगळं समजलेलं आहे. लग्न होऊन आल्यापासून संयोगिता त्या खाकरण्याला वैतागली होती. वर येऊन नवऱ्यापाशी फणफणायची, "म्हातारं रात्रभर राखणीला बसल्यागत जागं असतंय. बाईमाणसानं जायचं तरी कसं?" जयराज साखर कारखान्यातून पाळी करून आलेला असायचा. तो कूस बदलून झोपायचा.

घर इस्लामपूरपासून जवळच्याच गावात, उसाच्या पट्ट्यात. जुनं होतं, पण चांगलं खणखणीत. खाली हातभर रुंदीच्या दगडी भिंती, वर लाकडी फळ्यांची माडी. गेल्या दिवाळीला संयोगितानं हट्टानं दर्शनी भिंतीला फरशीचे तुकडे लावून घेतले होते, आणि दाराशेजारी आबांच्या नावाची पितळी पाटी. रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघायचा. ते तिला फार आवडायचं.

कामाला धनाजी आला. इस्लामपूरचा प्लंबर, आजूबाजूच्या गावांत निम्म्या घरांच्या लाइनी त्यानंच टाकलेल्या. तो माडीवर फिरला, खाली आला, परत वर गेला. मागच्या बाजूला बाथरूम करता येईना, कारण खाली देवघर आणि चूल, त्यांच्या डोक्यावर संडास कोण करणार. उत्तरेला जिना होता. राहिला दक्षिणेचा कोपरा, रस्त्याच्या बाजूचा, बरोबर सोप्याच्या वर. त्या कोपऱ्यात लोखंडी गर्डर टाकून तेवढ्यापुरता स्लॅब घालायचा, हे ठरलं. प्रश्न होता तो खाली येणाऱ्या चार इंची पाइपाचा.

"दोनच वाटा हायत, वैनी," धनाजी म्हणाला. "एक म्हंजे भायेरनं. म्होरच्या भितीवरनं सरळ खाली, अंगनात चेंबर, तिथनं बोळानं मागच्या टाकीला. न्हाईतर आतनं, सोप्याच्या कोपऱ्यातनं. चेंबर त्योच. भितीच्या ह्या अंगाला का त्या अंगाला, एवढाच फरक."

"म्होरच्या भिंतीवरनं?" संयोगिता म्हणाली. "सुभेदारांच्या पाटीशेजारी संडासाचा पाइप? सगळं गाव हसंल."

"मग आतनं."

आत त्या कोपऱ्यात आबांची खाट होती. उशी दक्षिणेच्या भिंतीला लागून, अगदी कोपऱ्यात. आबा तेव्हा रानात गेले होते. संयोगितानं उशीकडं पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "आवाज येईल का रे?"

धनाजी भला माणूस, त्यानं लपवलं नाही. "येनार की. वरनं पानी पडनार म्हंजे वाजनार. गोनपाट गुंडाळून गिलावा करतो, थोडा कमी ईल. पन येनार."

संध्याकाळी आबा आले. पाय धुऊन खाटेवर बसले. संयोगितानं चहा दिला आणि म्हणाली, "आबा, पाइप आतनं घेऊया म्हणतोय धनाजी. तुमच्या कोपऱ्यातनं. वरनं गिलावा करणार, दिसणार पण नाही. आवाज तर अजिबात येत नाही म्हणे."

ते 'म्हणे' तिनं अगदी सहज लावून दिलं. खोटं बोलायचं आणि ते दुसऱ्याच्या नावावर खपवायचं, हे तिला एवढं सोपं जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

आबांनी बशीतला चहा संपवला. कोपऱ्याकडं एकदा पाहिलं. "घ्या की मग," म्हणाले.

जत्रेच्या आधी काम उरकलं. निळ्या फरश्या, पांढरं भांडं, भिंतीत नळ. प्रियू अकरावीतली पोर, तिनं पहिल्याच दिवशी मैत्रिणींना फोटो पाठवले. पाइपाचं टोक छपराच्या वर काढून त्यावर जाळीची टोपी बसवली होती, तीसुद्धा संयोगिता अंगणात उभी राहून कौतुकानं बघायची. आता आबांच्या खाटेवरून जायला नको. तिला इतकं मोकळं वाटत होतं की ती कामं करताना गुणगुणायला लागली.

तो मोकळेपणा एका दुपारी संपला. ती आबांना चहा द्यायला सोप्यात आली होती आणि कपबशी हातात देत असतानाच वर प्रियूनं फ्लश ओढला. कोपऱ्यात, गिलाव्याच्या मागं, छपरापासून जमिनीपर्यंत धो धो करत सगळं खाली आलं. जाता जाता बारीक गुळगुळ झाली आणि थांबलं. आबांची उशी तिथून वीतभर अंतरावर होती.

आबा मोठ्यानं बोलायला लागले. "यंदा तोडनी लवकर संपली म्हनायची. टोळ्या बी परत गेल्या. गेल्या साली ह्या टायमाला..." ऊसतोडीचं त्यांचं ते बोलणं पाणी थांबेपर्यंत चाललं आणि पाणी थांबल्यावर थांबलं. तिला कळलं की हे तिच्यासाठी आहे. तिला लाज वाटू नये म्हणून सत्तरी ओलांडलेला माणूस आवाजावर आवाज चढवत होता, आणि हे त्यानं आजच केलं नसणार.

मग तिला एकेक दिसायला लागलं. ज्या घरात सून परसात जाताना तांब्या पदराखाली धरून जायची, त्या घरात आता सुनेचं, नातीचं, मुलाचं प्रत्येक जाणं आबांच्या कानाशी वाजत होतं. ती जिन्याजवळ उभी राहिली तरी तिचे कान तापायचे. तिनं स्वतः वर जाणं सोडलं. भल्या पहाटे उठून जुन्यासारखी परसात जायची, आबांच्या खाटेला वळसा घालून. पण आता आबा खाकरत नव्हते. डोळे मिटून पडून राहायचे, आणि ते जागे आहेत हे तिला दिसायचं. खाकरणं परवडलं, असं तिला वाटलं.

प्रियूला तिनं सांगितलं, आबा घरात असतील तेव्हा फ्लश ओढायचा नाही, मगानं हळूहळू पाणी ओतायचं. जयराज चिडला. "एवढी हौस केलीस आणि वापरायची न्हाई? मग बांधली कशाला?" ती काही बोलली नाही. तिच्यासारखी बाई काही बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं त्याला कळलं. पण काय, ते त्यानं विचारलं नाही.

आबांना मात्र न सांगता कळलं होतं. घरातली माणसं आपल्यामुळं नवी बाथरूम वापरत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी त्यांच्या परीनं तोडगा काढला.

जत्रेच्या आदल्या दिवशी संयोगिता झाडायला सोप्यात आली आणि केरसुणी तिच्या हातातच राहिली. आबांनी उशी दुसऱ्या टोकाला नेली होती. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेच्या भिंतीला. अंगावर पांढरी चादर, हात छातीवर. मेलेल्या माणसाला घोंगडीवर घेतात तेव्हाच तसं निजवतात. सासूबाई अंबूबाई गेल्या तेव्हा याच सोप्यात त्यांचे पाय त्या भिंतीकडं केले होते. ते करायला संयोगिताचेही हात लागले होते.

"आबा," ती म्हणाली.

आबांनी डोळे उघडले. "जागाच हाय मी," म्हणाले. उठून बसले. "आता कायबी आवाज येत न्हाई हितं. वापरा बिनघोर."

"आबा, दक्षिणेकडं पाय केलेत तुम्ही."

"मग दुसरीकडं कुठं करू? पूर्वेला डोकं केलं तर पाय देवघराकडं. तिकडं तुझी सासू बी टांगल्याली हाय फोटूत. तिच्याकडं पाय करून झोपलो तर सपनात यून कान उपटंल." ते हसले. "फौजेत कुठली दिशा न् काय. जागा मिळंल तिथं पडलोय."

"उठा. मी खाट नीट करते."

"राहू दे गं. पुढं कवातरी फिरवायचंच हाय. तुमचा तेवढा एक हेलपाटा वाचला."

हे ते चेष्टेनं बोलले. त्यांच्या वयाची माणसं मरणाची चेष्टा उठता-बसता करतात आणि घरातल्यांनी 'काहीतरीच काय आबा' म्हणायचं असतं. संयोगिताला तेही म्हणता आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पुरणाची डाळ चुलीवर चढवली आणि भिंतीकडं तोंड करून रडली. आपण जिवंत माणसाला मेल्यासारखं निजवलं, दाराबाहेरच्या फरशीला डाग नको म्हणून. हे तिनं मनाशी जसंच्या तसं म्हटलं. आणि तरीही लगेच दुसरा विचार आला, की उद्या जत्रा आहे, पाव्हणे यायचेत, आता फोडाफोडी कशी काढायची. जत्रा होऊ दे, मग बघू. तिला स्वतःचा एवढा राग आला की तिनं पळी आपटली.

जत्रेला वाईहून आबांची थोरली बहीण हरणाबाई आली. पाठीत वाकलेली, पण नजर पक्की. दारातून आत आली, भावाच्या खाटेवर टेकली आणि उशीकडं तिचं लक्ष गेलं. ती तशीच उठून उभी राहिली.

"लाला, डोकं कुठं केलंयस रं?"

"दिसतंय की, आक्का."

"जित्या माणसानं दक्षिणेला पाय? कुणी केलं हे?"

संयोगिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सोप्यात पाव्हणे बसलेले, जयराजचे मामा, मामी, आणखी कोण कोण.

"मीच केलं," आबा म्हणाले. "हितनं टीव्ही बरा दिसतोय."

सोप्यात टीव्ही नव्हता. टीव्ही माडीवर होता. हरणाबाईनं चारी भिंतींवरून नजर फिरवली, मग भावाकडं पाहिलं. त्याच वेळी वर कुणा पाव्हण्यानं फ्लश ओढला आणि कोपऱ्यातनं तो लोंढा धडधडत खाली आला. पाव्हण्यांतली एक पोरगी फिस्कन हसली. हरणाबाई हसली नाही. तिनं कोपऱ्यातला नवा गिलावा पाहिला, खाटेच्या रिकाम्या टोकाकडं पाहिलं आणि मग संयोगिताकडं. नजर हटवली नाही.

आबांनी तिला झाकलं होतं. ती गप्प राहिली असती तर ते झाकणं तसंच राहिलं असतं. चहा देऊन आत गेलं की झालं, पुरणपोळ्या लाटायच्या होत्याच. संयोगितानं ट्रे खाली ठेवला.

"आत्याबाई, त्यांनी नाही केलं. मी करायला लावलं. आवाज येणार हे मला धनाजीनं आधीच सांगितलं होतं. मी आबांना सांगितलं की येत नाही."

जयराजनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू ही बाई त्याला नव्यानंच दिसत होती. आबा मात्र संतापले. त्यांना एवढं चिडलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"पाव्हण्यांच्या म्होरं घरातलं काढायचं असतंय व्हय? आं? मला काय म्हाईत नव्हतं का? फौजेत उभी हयात पाइप टाकन्यात गेली माझी. वरनं पानी पडलं की वाजनारच, हे मला शिकवाय लागतंय?"

"मग तुम्ही 'घ्या' का म्हणालात, आबा?" तिचा आवाज चिरकला. "नको म्हणायचं. मी ऐकलं असतं."

आबांचा राग तेवढ्यात ओसरला. ते खाटेवर बसले आणि चादरीची घडी नीट करत हळू म्हणाले, "तू इचारलंस कुठं, पोरी? तू सांगितलंस."

हरणाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत घेऊन गेली. दोघी पोळ्या लाटायला बसल्या.

जत्रा उतरली तशी संयोगितानं स्वतः धनाजीला फोन केला. धनाजी आला, समोरच्या भिंतीकडं बघून म्हणाला, "वैनी, फरशी फुटंल. परत तसली मिळायची न्हाई." ती म्हणाली, "फुटू दे." त्यानं आतला गिलावा उकरला, पाइप काढला, भिंत दगड-विटांनी भरून घेतली आणि नवा पाइप बाहेरून उतरवला. पितळी पाटी काढून दाराच्या दुसऱ्या अंगाला लावायची असं तिच्या मनात होतं. आबा म्हणाले, "हाय तिथं राहू दे. सुभेदाराला पाइपाचं काय वावडं न्हाई." त्यामुळं आता पाटी आणि तो करडा चार इंची पाइप शेजारी शेजारी होते. फरशीच्या मधोमध सिमेंटचा ओबडधोबड पट्टा. गल्लीतल्या लोकांनी पोटभर चेष्टा केली. सुभेदाराच्या घराला तोफ बसवली म्हणाले. संयोगिताला वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. रस्त्यावरून जाताना लोक मान वळवून बघायचे, ते मात्र पहिल्यासारखंच चालू राहिलं.

दुपारी काम संपलं. धनाजी हत्यारं गोळा करून गेला. तिनं आणि आबांनी मिळून खाट पुसली आणि उशी दक्षिणेच्या कोपऱ्यात ठेवली. गिलावा अजून ओला होता, सोप्यात सिमेंटचा वास भरला होता. आबा आडवे झाले. तिनं प्रियूला वर पाठवलं आणि हाक मारून फ्लश ओढायला सांगितलं.

"आला का आवाज, आबा?"

"न्हाई," आबा म्हणाले. लगेच म्हणाले. पाणी पुरतं खाली जायच्या आधीच म्हणाले.

तिला ते 'न्हाई' ओळखीचं वाटलं. तिनं सांगितलं होतं तसलंच होतं ते, फक्त हे समोरच्याचं मन राखायला पुढं केलेलं. टीव्ही दिसतोय म्हणणारा माणूस, याच्या न्हाईवर कसा विश्वास ठेवायचा?

"उठा जरा," ती म्हणाली. "मी बघते."

"तू? हितं?" सासऱ्याच्या खाटेवर सून कधी टेकत नाही, आडवं होणं तर लांबच. आबा गोंधळून उठले आणि दारात जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. संयोगितानं पदर सारखा केला आणि खाटेवर पडली, त्यांच्या उशीवर डोकं ठेवून. उशीला खोबरेल तेलाचा वास होता. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, धनाजी कोपरा दाखवत होता तेव्हाच. एवढंसं काम होतं. तिनं डोळे मिटले आणि प्रियूला पुन्हा हाक दिली.

डोक्यावरच्या फळ्या करकरल्या. प्रियूची पावलं कोपऱ्याकडं गेली. पाणी सुटलं, पण ते भिंतीच्या पलीकडं, अंगणात कुठंतरी, लांब. तिनं श्वास सोडला. आबा या वेळी खरं बोलले होते.

मग पावलं परत आली, स्लॅबला लागून असलेल्या फळीवर, जवळजवळ तिच्या तोंडावरच येऊन थांबली, आणि प्रियू बोलायला लागली. फोनवर असावी. कुजबुजत होती, कुणाला कळू नये म्हणून मुद्दाम आवाज दाबून. "अगं, काय सांगू, आई खाली आबांच्या खाटेवर झोपून संडासाचा आवाज ऐकतीय. डोकं फिरलंय तिचं. तू हसू नको हां, कुणाला सांगू नको."

एक शब्द गळला नाही. श्वास घेतलेलासुद्धा कळत होता.

संयोगिता तशीच पडून राहिली. ती फळी तिच्या खोलीची होती. तिथंच तिचा आणि जयराजचा पलंग होता. लग्न होऊन आल्यापासून ती जे जे बोलली होती, आवाज दाबून, नवरा कूस बदलत असताना, ते सगळं याच फळ्यांवर बोलली होती. म्हातारं राखणीला बसलंय. म्हातारं मरत बी न्हाई आणि झोपत बी न्हाई. हे एकदा म्हणाली होती, आणि एकदाच म्हणाली असं तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी याच माणसाला तिनं चहा दिला होता आणि त्यानं तो बशीत ओतून प्यायला होता.

तिला उठवेना. उठलं की त्यांच्याकडं बघायला लागलं असतं.

"आला का गं?" आबांनी दारातून विचारलं. तोंड अजून रस्त्याकडंच होतं.

संयोगिता उठून बसली. उशीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

"पाण्याचा न्हाई आला," ती म्हणाली.

आबा नुसते खाकरले.